नऊ मार्कांची भिंत

आमच्या शिंदखेड्याच्या गल्लीत भर दुपारी एखाद्या पत्र्यावर ठोकाठोक सुरू झाली, की नवखा माणूस वर बघायचा आणि जागीच उभा राहायचा. वर नाना असायचे. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक कडुनिंबाच्या खोडाला, ओठांत चार खिळे, हातात हातोडी. आणि दोन्ही डोळे पार गेलेले.

"ओ बाबा, खाली या! पडाल ना!" असं कोणी ओरडलं, की नाना ओठांतले खिळे एकेक करून काढायचे आणि शांतपणे विचारायचे, "तुम्ही कधी पडनात का भाऊ?"

"पडलो ना. मागच्या साली, मोटरसायकलवरून."

"तवय डोया व्हतात ना तुम्हले?"

"होते की."

"मंग?" एवढंच म्हणायचे. खिळे परत ओठांत, आणि ठोकाठोक सुरू.

नाना आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. पूर्वी ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. काचबिंदूनं आधी त्यांचं कडेकडेचं दिसणं गेलं, मग मधलं, आणि शेवटी उजेड आहे की अंधार तेही कळेना. डॉक्टरांनी आराम करायला सांगितलं. नाना म्हणाले, "डोया करी राहिनात ना आराम. हातस्नी काय चूक शे?" आणि त्याच आठवड्यात त्यांनी घरातला बंद पडलेला पंखा खाली उतरवला.

तेव्हापासून नानांच्या घरात बाहेरचा कारागीर आला नाही. एकदाच आला होता, वायरिंगवाला. त्याचं डोकं आल्या आल्या फळीवर आपटलं. नाना म्हणाले, "डोयावाला शे ना, म्हणून." आमच्यासारख्या डोळे असलेल्या सगळ्या माणसांना ते डोयावाला म्हणत. भाजीत मीठ जास्त झालं, एसटी चुकली, शेजारच्या बाईनं दूध उतू घातलं, की कारण ठरलेलं. डोयावाला शेतस, काय करतीन बिचारा.

त्यांच्या कामाच्या तऱ्हा मी जेवढ्या पाहिल्या तेवढ्या सांगते. खिळा बोटांनी धरत नसत. कंगव्याच्या दातांत अडकवत आणि कंगवा धरून ठोकत. हातोडी चुकली तर कंगवा जाई, अंगठा राही. त्यामुळे त्यांच्या घरात एकही अख्खा कंगवा नव्हता, आणि अक्का, म्हणजे नानांची बायको, वेणी घालायला माझा कंगवा मागून नेत. तोही परत येताना दोन दात कमी घेऊन येई. मापाला सुतळी होती, वीतभर अंतरावर गाठी मारलेली. स्क्रू पावडरच्या डब्यांत असत. डबा कानाजवळ हलवून नाना सांगत, हा पाऊण इंची, हा एक इंची. फळी सरळ बसली का ते बघायला तिच्यावर काचेची गोटी ठेवत आणि कान लावत. गोटी घरंगळली की फळी परत खोलायची.

विजेचं काम असलं, की आधी मेन स्विच बंद करायचे आणि फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, म्हणजे मागून कोणी चालू करू नये. एकदा काम झालं, फ्यूज खिशातच राहिला, आणि नाना सोनगीरला एका लग्नाला निघून गेले. अक्का दिवसभर पंख्याविना. संध्याकाळी नाना दारात आले तेव्हा अक्कांनी काय काय ऐकवलं ते मी भिंतीच्या अलीकडून सगळं ऐकलं. नाना मात्र म्हणत होते, "पन कोनले करंट लागना का? सांग ना, लागना का?"

अक्का होत्या तोवर नानांच्या कामाची तपासणी त्यांच्याकडे होती. हाताला कळतं ते नानांना कळायचंच. पण रंग, डाग, वाकडं दिसणं, हे हाताला कळत नाही. मग ते हाक मारायचे आणि अक्का पदर खोचून यायच्या. वाकडा खिळा दिसला की सुरू.

"हाऊ खिया दख. कुत्रानी शेपटी शे का?"

"कोठे?"

"आठे! हात लाव. आन् हाई दार कशानी रंगवं, झाडूनी? बिबट्या दिखी राहिना."

नाना बोटांनी ती जागा धरायचे आणि परत काम करायचे. चेहरा असा, जसं कोणी त्यांना पेढा दिला. मला त्या वेळी अक्कांचं बोलणं फार लागायचं. आंधळ्या माणसाला असं कोणी बोलतं का, असं वाटायचं.

अक्का गेल्या. तेराव्यानंतर मुलगा प्रकाश जळगावला परत गेला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी भिंतीवर पलीकडून तीन टकटक झाल्या आणि नानांची हाक आली, "ओ सोनगीरवाली! जरासा डोया दे वं."

माझं माहेर सोनगीर, म्हणून मी सोनगीरवाली. मी गेले. नानांनी न्हाणीघराचं दार नवीन बसवलं होतं.

"खोट काढ," ते म्हणाले.

दार खाली एका बाजूला बोटभर उचललेलं दिसत होतं. पण मोठ्या माणसासमोर बोलायची मला सवय नाही. सासरी आल्यापासून मी मान खाली घालूनच उत्तरं दिलेली. मी म्हणाले, "बरं आहे, नाना."

"बरं म्हंजे काय? गुरुजीसारखा मार्क दे. दहापैकी कितला?"

मी चौथीपर्यंत शिकले. गुरुजींनी मला कधी दहा दिले नाहीत. दहा सांगितले तर नानांना खोटं वाटेल, म्हणून मी म्हणाले, "नऊ."

"एक मार्क कोठे गया?"

मी म्हणाले, "माझं दूध गॅसवर आहे," आणि पळून आले. मागे नाना तो एक मार्क शोधत बसले. दाराच्या चारी कडा, कडी, बिजागऱ्या, सगळं हातांनी चाचपत. संध्याकाळी मला सांगायला आले, "सापडी गया. कडीना स्क्रू ढिला व्हता." खुश होते. मी पण खुश झाले. दार खालून अजून उचललेलंच होतं.

तीन वर्षं असंच चाललं. त्यांनी माझा मिक्सर नीट केला, नळाला सायकलच्या ट्यूबचा वायसर घातला, पाट्याला टाकी मारून दिली. आमच्या ह्यांना साधा बल्ब बदलता येत नाही, त्यामुळे आमचं घर नानांच्याच जिवावर चालत होतं. आणि बदल्यात मी काय देत होते? नऊ मार्क. काहीही असो, नऊ. फळी तिरकी, नऊ. खिडकीच्या काचेवर लांबी भरताना उठलेले बोटांचे ठसे, नऊ. नाना लोकांना सांगायचे, "मन्हा एक डोया शेजारी राहस." मला ते ऐकून बरं वाटायचं. आता आठवलं की हातातलं काम थांबतं.

गेल्या दिवाळीच्या आधी कोणीतरी नानांचा पत्र्यावरचा व्हिडिओ मोबाइलवर काढला. तो फिरत फिरत जळगावला प्रकाशकडे गेला. प्रकाश वाईट मुलगा नाही. त्यानं घाबरून फोन केला. नाना फोन नेहमी मोठ्या आवाजात लावायचे, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"नाना, आता बस झालं. तुम्ही इकडे या. एकटं नाही ठेवणार मी तुम्हाला."

"एकटा कोठे? मन्हं घर शे ना."

"घरच पडायला आलंय. मी पाहिलं ना व्हिडिओत."

हे मात्र नानांना झोंबलं. ते म्हणाले, "दिवाई झाली का ये. घर पाहून जाय. एक बी खोट सापडनी तं मी येसू तुन्हा संगे. नही सापडनी तं आखो कधी नाव काढानं नही."

प्रकाशनं कबूल केलं. नानांनी फोन ठेवला आणि तिथूनच भिंतीवर टकटक केली. "सोनगीरवाली, आयकं ना तू? आते तुन्हा डोया मन्हा कामले लागी."

त्या महिन्यात नानांनी घराचं जे केलं ते डोळे असलेल्या दोघांना जमलं नसतं. सगळे नळ उघडून परत बसवले. बिजागऱ्यांना तेल दिलं. पत्र्याची गळकी जागा त्यांनी वर पाणी ओतून आणि आत ताटली ठेवून, थेंबाच्या आवाजावरून शोधली. फळ्यांवर गोटी ठेवून ठेवून कान लावले. न्हाणीघराचं ते दारसुद्धा त्यांनी स्वतःच शोधलं आणि सरळ केलं. मला म्हणाले, "हाई तुले दिखनं नही का?" मी म्हणाले, "नाही नाना, लक्षात आलं नाही." ते म्हणाले, "डोयावाला!" आणि हसले. तेव्हाच मी काही बोलले असते तर.

शेवटी राहिला रंग. पुढच्या खोलीला पिस्ता रंग द्यायचा ठरला, कारण अक्कांना तो आवडायचा. नाना ब्रश मारून लगेच बोटांच्या पाठीनं भिंतीला हात लावायचे. ओली जागा गार लागते, कोरडी राहिली तर कळते. त्यामुळे दोन्ही हातांची पेरं पिस्ता, नाकाचं टोक पिस्ता, भुवया पिस्ता. अडीच भिंती झाल्या आणि डबा संपला. दुकानातून दुसरा डबा आला. नानांनी नंबर सांगितला होता. देणाऱ्यानं कुठला दिला कोण जाणे.

दुपारी चारला मी त्यांच्यासाठी वाटीत वांग्याचं भरीत घेऊन गेले आणि दारातच थांबले. तिसरी भिंत अर्ध्यावरून आकाशी होत चालली होती. शाळेच्या भिंतीसारखी निळी. नाना पाठमोरे होते, ब्रश वरखाली चालला होता आणि ते अक्कांशी बोलावं तसं पुटपुटत होते. माझ्या चपलांचा आवाज झाला तसे वळले.

"ऊनी का? दख. कितला मार्क?"

तेव्हा दुकान उघडं होतं. डबा अर्धासुद्धा संपला नव्हता. मी एवढंच म्हणायचं होतं की नाना, थांबा, हा रंग दुसरा आहे. पण त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की तो उतरवावासा वाटेना. आणि खरं लिहायचं तर मनात असंही आलं की त्यांना कुठे दिसतंय. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"नऊ," मी म्हणाले.

"आज बी एक मार्क कापी लिधा का!" असं म्हणून नाना हसले आणि परत ब्रश बुडवला.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. पण आज सांगायचं म्हणजे काल खोटं बोलले तेही सांगावं लागणार. मग परवा. तोपर्यंत चौथी भिंत पण निळी झाली आणि ब्रश धुऊन टांगला गेला. मी स्वतःला समजावलं, प्रकाश घर बघायला येतोय, नळ बघेल, पत्रा बघेल, रंगाचं काय एवढं.

रविवारी प्रकाश आणि त्याची बायको आले. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मला चहा करायला बोलावलं होतं, पण खरं तर ते मला साक्षीदार म्हणून बोलावणं होतं. नानांनी दार आवाज न होता उघडून दाखवलं, नळ सोडून दाखवले, फळीवर गोटी ठेवून म्हणाले, "हालनी का? हालनी तं सांग." गोटी हलली नाही. प्रकाश मनापासून म्हणाला, "नाना, कमाल आहे." नाना फुलून गेले. म्हणाले, "आते पुढली खोली दख. रंग तुन्ही मायना पसंतना शे."

सगळे पुढच्या खोलीत आले. येताना खिडकी बंद होती, त्यामुळे त्यांना ती नीट दिसली नसावी. आता खिडकी उघडली होती. प्रकाशच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. प्रकाशनं एकदा या भिंतीकडे पाहिलं, एकदा त्या.

"नाना, हे काय झालंय?"

"काय?"

"अर्धी खोली हिरवी आणि अर्धी निळी आहे."

नाना हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. "कोठे निळी?"

प्रकाशनं त्यांचा हात धरला आणि भिंतीवर ठेवला. "हे हिरवं. आणि इथून पुढे निळं."

नाना त्या जागेवर बोटं फिरवत राहिले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आधी बोटांच्या टोकांनी, मग पाठीनं. भिंत दोन्हीकडे सारखीच गुळगुळीत होती. त्यांनी हात इतका चांगला मारला होता की बोटाला सांधा लागत नव्हता.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" प्रकाश म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. कपबशा वाजायला लागल्या.

नानांना तो आवाज आला असणार. त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि म्हणाले, "तिनी सांगं व्हतं. मीच आयकं नही."

मी तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. मी ट्रे खाली ठेवला आणि कप सरळ करत बसले.

प्रकाश खालच्या आवाजात म्हणाला, "तेच तर, नाना. डोळे असलेलं माणूस सांगतंय आणि तुम्ही ऐकत नाही. उद्या पत्र्यावर कोणी थांबा म्हटलं तर? कोणाच्या भरवशावर ठेवू तुम्हाला इथे?"

यावर नानांकडे उत्तर होतं. मी उभी होते तिथे, दोन हातांवर. डोयावाला म्हणून एक टोमणा मारला असता तरी सगळं उलगडलं असतं. ते म्हणाले, "बरोबर शे तुन्हं. बोलनू तसा येसू मी." आणि चहा प्यायले. कप मला परत देताना त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं, लेकीला थोपटावं तसं.

पुढच्या आठवड्यात गाडी आली आणि नाना गेले. घराला कुलूप आहे. आमचा नळ परत गळायला लागला तेव्हा ह्यांनी माणूस बोलावला. त्यानं तीनदा येऊन केला, तरी गळतो.

चैत्रात जळगावला ह्यांच्या भाचीचं लग्न होतं. मी ह्यांना म्हणाले, मला एक तास द्या, आणि पत्ता विचारत विचारत एकटी गेले. असं एकटीनं कुठे जाण्याची माझी ही पहिलीच वेळ. तिसरा मजला. घर छान, फरशी आरशासारखी. सूनबाईनं पन्हं दिलं. म्हणाली, "नाना मजेत आहेत हो वहिनी. आम्ही त्यांना काही करू देत नाही." आतल्या खोलीत नातवंडं टीव्ही बघत होती, प्रकाश मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता.

नाना गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर, तळवे वर. मी ते हात रिकामे कधी पाहिले नव्हते.

"नाना, मी..."

"सोनगीरवाली. जिनावर चप्पल घसडत ऊनी तू. कवयपाईन आयकी राहिनू."

वाटेत मी सगळं पाठ केलं होतं. म्हणाले, "नाना, त्या भिंतीचं मी तुम्हाला खोटं..."

"राहू दे," ते म्हणाले. मग खुर्ची सरकवून माझ्याकडे तोंड केलं आणि पाठ ताठ केली, फोटोला बसतात तसं. "मन्हाकडे दख. काय दिखस?"

मी बघितलं. या वेळी मी मान खाली घातली नाही.

"सदऱ्याची बटणं एक घर चुकलीत, नाना. उजवी बाजू वर चढलीय. खिशाखाली वरणाचा डाग आहे, वाळलेला. डाव्या जबड्याखाली दाढी राहून गेलीय, रुपयाएवढी."

त्यांनी जबड्याखाली बोट नेऊन ती जागा शोधली. मग डागावरून नख फिरवलं. मग वरच्या बटणापासून सुरुवात करून सगळी बटणं काढली आणि खालून एकेक मोजत परत लावायला लागले.

"सकायपाईन चार जन शेतस घरमा," ते बटणांशीच बोलल्यासारखे म्हणाले. "चारी जन म्हनतस, नाना, मस्त दिखी राहिनात."

शेवटचं बटण लागलं. त्यांनी हात परत मांडीवर ठेवले आणि माझ्या दिशेनं थोडं वाकले.

"आजून सांग," म्हणाले.